शिंप्याचे वाफे

हराधन गायेन फाल्गुनात बेटावर परतला तेव्हा त्याच्या डोक्यावर शिवणयंत्र होतं आणि मागे बायको. ओहोटी लागली होती. होडी धक्क्यापासून लांबच टेकली आणि दोघांना गुडघाभर चिखलातून चालत यावं लागलं. आम्ही पाच-सहा जण बांधावर चहा पीत बसलो होतो. एकही उठला नाही.

"अरे शिंप्या, यंत्र नीट धर," मी वरून ओरडलो. "बायको काय, पोहत येईल!"

सगळे हसले. त्याची बायको निभा, तीही हसली. एक पाय चिखलात रुतलेला असताना मान वर करून म्हणाली, "पोहता येत असतं काका, तर मधेच दुसरं चांगलं गाव बघून नसते का उतरले?"

आता हशा माझ्यावर आला. मला ते तेव्हा काही आवडलं नाही.

हराधनचा बाप माझा दोस्त होता. पोरगा बाराव्या वर्षी कलकत्त्याला गेला आणि मेटियाब्रुजच्या एका शेडमध्ये अठ्ठावीस वर्षं शर्टांच्या कॉलरी शिवत बसला. बसून बसून पाठीला बाक आला. चाळिशीला जवळचं दिसेनासं झालं, सुईत दोरा ओवायला बायको लागू लागली. चष्मा लावूनही कॉलरी वाकड्या जायला लागल्या तेव्हा मालकाने चहा पाजला आणि घरी जायला सांगितलं. हाताला फावडं कधी लागलेलं नाही, आणि म्हणे आता शेती करणार.

शेती तरी केवढी? दोन बिघे. तेही बांधाला लागून, बांधातल्या पाण्याच्या दाराच्या तोंडाशी. आयलाच्या वादळात बांध फुटला आणि आमच्या शिवारात खाडीचं पाणी आठ दिवस उभं राहिलं, त्याला चार वर्षं झाली होती. पावसाच्या जिवावर थोडंफार भात पिकायचं. पाऊस सरला की जमिनीवर मीठ फुटायचं आणि मग पुढच्या पावसापर्यंत गावात भाजीचं पान दिसायचं नाही. मासे मात्र हवे तेवढे.

त्या माशांचा हराधनच्या आईला काही उपयोग नव्हता. खेंतोमणीबौदी, म्हणजे माझी वहिनीच, विधवा. आमच्यात नवरा गेला की बाई मासा ओठाला लावत नाही, कांदा-लसूणही सोडते. वादळाच्या आधी तिच्या परसात बारा महिने काहीतरी हिरवं असायचं, त्यावर तिचं भागायचं. वादळानंतर उकडलेला बटाटा आणि भात, भात आणि उकडलेला बटाटा. शेजारच्या घरातून कोळंबीच्या फोडणीचा वास आला की ती दार लावून घ्यायची. तक्रार तिने कधी केली नाही, पण माणूस आतून आंबत जातो, तशी ती झाली होती. बोलली की लागेल असंच बोलायची.

आणि पलीकडच्या तीरावरचे मृणालबाबू नेमके त्याच सुमारास आमच्या शिवारात फिरायला लागले. त्यांना बारा घरांची चाळीस बिघे जमीन दहा वर्षांसाठी हवी होती. बांधाचं दार उघडायचं, खारं पाणी आत घ्यायचं आणि कोळंबी सोडायची. अकरा जण तयार होते. त्या अकरांत मी एक. माझे गुडघे गेले होते, बसून भाडं मिळत असेल तर कोणाला नको? पण पाणी आत यायचं ते गायेनांच्या दोन बिघ्यांवरून. त्यांचा होकार नसेल तर कोणाचंच जमत नव्हतं. आणि जमीन खेंतोमणीबौदीच्या नावावर होती.

"देऊन टाक आई," असं मुलगा म्हणेल या हिशेबाने मृणालबाबू कागद घेऊन आले. मीही साक्षीला गेलो होतो.

हराधन म्हणाला, "मा, एकदा पाणी आत घेतलं तर दहा वर्षांनी ही जमीन कोणाच्या बापाला पिकणार नाही. मला एक हंगाम दे."

"तू काय लावणार? बटणं?" बौदी म्हणाली.

"आमच्या शेडमध्ये बारिशालकडचा एक कारागीर होता. त्यांच्याकडे चर खणतात आणि निघालेल्या मातीचे गादीवाफे घालतात. पावसाने वाफ्यातलं मीठ धुऊन जातं, चरात गोडं पाणी साठतं. वर भाजी, खाली पाणी. मी सगळं विचारून घेतलंय."

"शिंप्याने शिंप्याला शेती शिकवली," ती मला म्हणाली. मग दोघा नवराबायकोकडे वळली. "पौष संक्रांतीला मी जेवायला बसेन. माझ्या ताटात माझ्या जमिनीतली भाजी असली तर अंगठा देणार नाही. नसली तर त्याच पाटावर बसून देईन. मग मला मध्ये येऊन कोणी काही सांगायचं नाही."

मृणालबाबू हसले. त्यांना घाई नव्हती, पाणी माघातच घ्यायचं होतं. "चालेल काकीमा, मी संक्रांतीला येतो," म्हणाले आणि पान तोंडात टाकून होडीत बसले.

चैत्रात दोघांनी खणायला घेतलं. पहिल्या दिवशी हराधन गळ्यात मापाची फीत अडकवून आला. चुन्याची पूड आणली, दोरी ताणली आणि जमिनीवर रेघा आखल्या. सहा वाफे, प्रत्येक तीस हात लांब, चार हात रुंद, मध्ये चर. कोपरे असे काटकोनात की बघत राहावं.

"काय रे, छाती किती घेतलीस?" मी बांधावरून विचारलं. "बाही अर्धी की पूर्ण?"

"बिनबाहीचं आहे काका, उन्हाळी," तो म्हणाला.

त्याचं खणणं बघून हसू आवरत नसे. फावडं असं धरायचा की आता काजं करायला बसणार. दुपारपर्यंत दोन्ही तळहातांना फोड, संध्याकाळी फोड फुटलेले. निभा पाटीत माती भरून डोक्यावरून न्यायची. ती मेटियाब्रुजच्या गल्लीतच वाढलेली, डोक्यावर ओझं घ्यायची सवय नाही. पाटी कलायची आणि माती मानेवरून पाठीत जायची. रात्री दोघं हाताला मोहरीचं तेल आणि हळद लावून बसायची आणि सकाळी पुन्हा उतरायची. तिसऱ्या दिवशी तिने जुन्या साडीची चुंबळ केली, हराधनने तिला चक्क टीप मारून दिली. गावातल्या कोणाच्याही चुंबळीला टीप नव्हती.

चौथ्या दिवशी मी जवळ गेलो आणि मला दिसलं.

आमच्या जमिनीत वरची वीतभर माती काळी, हलकी. तीच काय ती माती. तिच्याखाली निळसर चिकण लागते, साबणासारखी, वासाला कुजक्या अंड्यासारखी. ती जुन्या खाडीच्या तळाची. तिच्यात मीठ आहे आणि मिठाहून वाईट असं आंबटही आहे, गवतसुद्धा जळतं. म्हणून चर खणताना आधी काळी माती बाजूला काढून ठेवायची, मग खालची चिकण वाफ्याच्या पोटात घालायची आणि शेवटी काळी माती वर पसरायची. ही गोष्ट आमच्याकडे कोणी शिकवत नाही, कारण ती माहीत नसलेला माणूसच इथे नसतो. हराधन मात्र खणेल तसं टाकत चालला होता. काळी माती सगळ्यात आधी निघाली म्हणून सगळ्यात खाली गेली होती, आणि निळी चिकण वर बसली होती. वाफाच्या वाफा उलटा.

"काका," त्याने घाम पुसत विचारलं, "बरोबर चाललंय ना?"

मी वाफ्याकडे बघितलं. माझ्या डोळ्यांपुढे माघातलं भाडं होतं.

"झकास," मी म्हणालो. "खण, खण."

घरी येऊन बायकोला, बिमलाला, सांगितलं. ती मासा साफ करत होती. "बरं केलंत," म्हणाली. मग जरा वेळाने म्हणाली, "बरं केलंत का हो?"

ज्येष्ठाच्या अखेरीला सहाही वाफे उभे राहिले. दीड हात उंच, कडा चोपून चोपून सरळ केलेल्या, चर कमरेइतके खोल. हराधन वाळून निम्मा झाला होता, पण पाठीचा बाक थोडा कमी झाल्यासारखा वाटत होता. मग पाऊस लागला तो भाद्रपदापर्यंत. चर गोड्या पाण्याने तुडुंब भरले. त्यात बेडूक आले, बदकं आली. लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघायला यायचे. मी तर जातच नव्हतो.

आश्विनात निभा आमच्या घरी शेण मागायला आली. बिमला म्हणाली, "शेण काय फुकट पडलंय? आम्हाला गोवऱ्या लागतात." आमच्या गोठ्यामागे शेणाचा ढीग होता, तो निभाला दिसत होता. ती "बरं काकी" म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे बांधावरून गुरांच्या मागे पाटी घेऊन फिरायला लागली. कलकत्त्याहून आलेली बाई, पायात चप्पल, आणि गाईच्या शेपटीवर नजर. पोरं तिच्या मागून शेपटी वर करून हंबरत चालायची. तीही वळून हंबरायची.

कार्तिकात हराधनने बाजारातून वांगी, टोमॅटो आणि फुलकोबीची रोपं आणली. फीत लावून, सारख्या अंतरावर, सहाही वाफ्यांत लावली. वरून बघितलं तर खरंच कापडावरची नक्षी. चरातलं पाणी डब्याने काढून दोघं सकाळ-संध्याकाळ घालत होती. पाचव्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी झाल्या. आठव्या दिवशी वाफ्यांवर पांढरी बुरशी आल्यासारखं मीठ फुटलं, मातीला हात घालता येईल अशा भेगा पडल्या. बाराव्या दिवशी सहा वाफ्यांत मिळून एक रोप उभं नव्हतं.

खेंतोमणीबौदी काठी टेकत वाफ्यांपर्यंत आली. मेलेलं एक रोप उपटून मुळाकडून बघितलं आणि टाकून दिलं. "मृणालला म्हणावं, कागद तयार ठेव," एवढं बोलून परत गेली. हराधन वाफ्यावर उकिडवा बसून होता. निभाने त्याला दोनदा हाक मारली, तो उठला नाही. मी बांधावर होतो. मला वाटलं होतं बरं वाटेल. नाही वाटलं.

पण शोध लावला तो निभाने. झालं असं, की चैत्रात खणायला सुरुवात केली तेव्हा पहिल्या दिवशीच्या चार-पाच पाट्या माती तिने वाफ्यावर न टाकता स्वयंपाकघराच्या मागे खड्डा होता तिथे नेऊन टाकली होती. त्या जागी तिने कधीतरी बियांचं फडकं झटकलं असणार. आता भांडी घासायला बसली तर तिथे लाल माठाची सहा-सात रोपं, बोटभर उंच, टवटवीत.

ती राखेच्या हातानेच पळत गेली आणि नवऱ्याला ओढत घेऊन आली. हराधनने चष्मा पुसला. त्या जागची चिमूटभर माती उचलून जिभेला लावली. मग वाफ्यावरची लावली आणि थुंकला. पुन्हा एकदा लावली. आमच्याकडे माती अशीच बघतात, त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मग तो चरात उतरला आणि फावड्याने वाफ्याची बाजू सरळ उभी कापली. वर निळं, खाली काळं, मध्ये रेघ ओढल्यासारखी. तो त्या रेघेवर बोट फिरवत राहिला.

"निभा," तो म्हणाला, "कापड उलटं शिवलं गं आपण. सुलटी बाजू आत गेली."

"मग उसवायचं," निभा म्हणाली.

"तीस हातांचे सहा आहेत."

"मला काय सांगता? एका ईदला तुम्ही दोनशे कॉलरी उसवल्या होत्या, मी दिवा धरून बसले होते."

हे सगळं मी ऐकलं, कारण मी तोवर त्यांच्या कुंपणाशी येऊन उभा होतो. हराधनने मला बघितलं. डोळे अधू असले तरी त्याला माझा चेहरा नीट दिसत असावा.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

माझ्याजवळ दहा उत्तरं होती. गुडघे दुखत होते, लक्ष गेलं नाही, वाटलं कलकत्त्याची काही नवी पद्धत असेल. पण त्या बाईचे राखेचे हात बघून एकही तोंडातून बाहेर आलं नाही.

"होतं," मी म्हणालो.

त्याने शिवी दिली असती तर मी घेतली असती. मला बरं वाटलं असतं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि विचारलं, "मग आता तरी सांगा. ही काळी माती वर आणली तरी खालचं मीठ पुन्हा वर येईल का?"

"ऊन ओढून घेतं वर," मी म्हणालो. "पेंढा पसरायचा. माती दिसता कामा नये. आणि वांगी-बिंगी आता विसर, पौषापर्यंत येणार नाहीत. लाल माठ पेर. महिन्यात हाताला येतो."

"पेंढा नाही आमच्याकडे."

"माझ्याकडे आहे."

मी घरी आलो आणि पेंढ्याची गंजी सोडायला लागलो. बिमला दारात आली. "अहो, हे काय चाललंय? आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय!" मी म्हणालो, "हो." ती आत गेली. परत आली ती शेणाची पाटी घेऊन. "त्या बाईला तोंड दाखवायचं कसं, ते मीच बघते आता," म्हणाली आणि माझ्या पुढे निघाली.

वाफा उलटायचा म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. चैत्रातली माती भुसभुशीत होती. ही पावसाने बसलेली, उन्हाने भाजलेली चिकण, फावडं आपटलं की मनगटाला झिणझिण्या येतात. ती आधी फोडायची, ढेकळं कडेला रचायची, मग खाली हातभर जाऊन काळी माती पाटीत काढायची, चिकण त्या पोकळीत ढकलायची, वरून काळी पसरायची. हाताच्या अंतराने पुढे सरकायचं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत दोघं मिळून जेमतेम दीड हात सरकत. संक्रांतीला सव्वा दोन महिनेही उरले नव्हते, त्यातला एक माठाला हवा. म्हणजे सहा वाफ्यांची गोष्टच नको. हराधनने फीत लावून हिशेब केला आणि म्हणाला, "एक पूर्ण. जमला तर दुसरा."

गुडघ्यांमुळे माझ्याच्याने खणणं होत नव्हतं. मी काठावर बसून ढेकळं फोडायचो. तिथे बसून त्या दोघांना जवळून बघितलं, आणि खरं सांगतो, पन्नास वर्षांच्या शेतीत मी असं काम बघितलं नाही. आम्ही शेतकरी ताकदीने काम करतो, अंगाला सवय असते. या दोघांजवळ ताकद नव्हती. होती ती जिद्द आणि शिंप्याची काटेकोर नजर. काळ्या मातीत निळ्याचं सुपारीएवढं ढेकूळ आलं तरी हराधन वाकून उचलायचा. मी म्हणायचो, "असू दे रे एवढं." तो म्हणायचा, "एक टाका सुटला काका की पुढची सगळी शिवण निघते."

आठव्या दिवशी त्याची पाठ धरली. फावडं उचललं आणि तसाच वाकलेला राहिला, सरळ होईना. बिमलाने आणि मी धरून घरात नेऊन पालथा निजवला. मला वाटलं संपलं. थोड्या वेळाने धप्प धप्प आवाज आला. निभा चरात उतरली होती. पदर कमरेला, चपला काठावर, आणि फावडं हातात. तिच्या उजव्या तळहाताला जखम पिकली होती, वर हळदीचं फडकं होतं. प्रत्येक घावाला तोंडातून "हं" असा आवाज यायचा. आतून हराधन पालथा पडल्या पडल्या ओरडत होता, "कड सरळ ठेव! वाकडं जातंय!" ती म्हणाली, "बघताय कुठून? भिंतीतून दिसतं, सुई दिसत नाही!"

मी उठलो आणि दुसरं फावडं घेतलं. गुडघ्यांनी जे सांगायचं ते सांगितलं. तीन दिवस मी आणि ती. तिसऱ्या संध्याकाळी बौदी काठी टेकत आली आणि चराच्या काठावर बसली. जाताना सुनेच्या हातावरचं मळकं फडकं सोडलं, आपल्या पांढऱ्या साडीचा काठ फाडून बांधला आणि म्हणाली, "शर्त तीच आहे हं." निभा म्हणाली, "हो मा."

असं करत करत मार्गशीर्ष निम्मा झाला तेव्हा एक वाफा सुलटा झाला. दुसऱ्याचे दहा हात. हराधन काठी घेऊन उभा राहिला होता. त्याने राखेत मिसळून बी पेरलं, आम्ही वर पेंढा टाकला. चौथ्या दिवशी निभाने पेंढा जरासा बाजूला केला. लालसर ठिपके. ती ओरडली नाही, धावली नाही, तिथेच मातीत बसून राहिली. मी दुसरीकडे बघितलं, कारण माझे डोळे भरून आले होते आणि म्हाताऱ्या माणसाने माठाचे कोंब बघून रडावं हे मला बरं दिसलं नाही.

पण कोंब म्हणजे भाजी नाही. मधल्या आठवड्यात थंडी वाढली आणि माठ वाढायचा थांबला. वाफ्याच्या एका टोकाला मीठ आलंच, हातभर पट्टा जळाला. दोघं रोज सकाळी पानांच्या कडा तपासायची. अकरा जणांतले काही माझ्या दारात येऊन गेले. एकजण म्हणाला, "निरापद, तुझ्या पेंढ्यामुळे आमचं नुकसान झालं तर?" मी म्हणालो, "झालं तर माझंही होईल." तो थुंकून गेला. त्याची चूक नव्हती. आपणही पोटासाठीच सगळं करतो.

पौष संक्रांतीला मृणालबाबू सकाळच्या भरतीला आले. कागद, शाईची गादी, एक कारकून. गायेनांच्या अंगणात सगळे जमले होते. ज्या घरी त्या दिवशी तांदळाच्या पिठ्यांचा, संक्रांतीच्या गोडाधोडाचा, वास येतो, त्या घरी फक्त चूल पेटलेली होती. निभाने सकाळी माठ खुडला होता. हाताच्या बोटांएवढा उंच, याहून मोठा झाला नव्हता. टोपलीभर खुडला तो कढईत पडल्यावर दोन मुठी झाला. मोहरीच्या तेलात कलौंजी आणि सुकी मिरची, बाकी मसाला काही नाही.

बौदी पाटावर बसली. ताटात भात आणि कडेला भाजी. मृणालबाबूंनी ताटाकडे बघितलं आणि मिशीत हसले. "काकीमा, एवढ्याशा पाल्यावर जमीन अडवणार?"

"मला जेवू दे," बौदी म्हणाली.

तिने भाजी भातात कालवली. भात गुलाबी झाला. पहिला घास तोंडात घातला आणि डोळे मिटले. तिला दात चारच होते, चघळायला वेळ लागायचा. हराधन काठीवर रेलून उभा होता, निभा चुलीपाशी, दोघांचेही ओठ पांढरे. चार वर्षं या मातीतून खारटाशिवाय काही निघालं नव्हतं, तिच्यातला पाला खारट निघाला तर ती भाजी शर्तीत धरली जाणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बौदीने घास गिळला.

"सूनबाई," ती म्हणाली, "भाजीत मीठ घातलं नाहीस का?"

निभा चुलीपासून पुढे आली. "अगदी थोडं घातलं, मा. भीती वाटली. म्हटलं पानातच असेल."

"पानात कुठलं आलंय? अळणी आहे. मीठ आण."

निभा आत पळाली. आत मिठाचं भांडं पडल्याचा आवाज आला. ती आली तेव्हा मूठभर मीठ तिच्या हातातच होतं, भांडं विसरली होती, आणि ती रडत होती आणि हसत होती. बौदीने तिच्या मुठीतून चिमूट घेतली, भातावर टाकली आणि जेवायला लागली. हराधन अंगणातच खाली बसला. माझ्या शेजारी बिमला उभी होती, तिने माझा दंड घट्ट धरला होता. माझं दहा वर्षांचं भाडं त्या ताटातून चाललं होतं आणि मला ते जाताना बघून आनंद होत होता.

मृणालबाबूंनी खूण केली. मग कारकुनाने शाईची गादी उघडून पाटाजवळ सरकवली. "काकीमा, ओहोटी लागेल. एवढा अंगठा…" मृणालबाबू म्हणाले.

बौदीने उजवा हात वर केला. पाचही बोटं भाताने आणि माठाने लाल झालेली.

"दिसत नाही का? हात उष्टा आहे माझा."

"धुऊन घ्या. मी थांबतो."

"कशाला थांबतोस?" ती म्हणाली, आणि ताट सुनेकडे सरकवलं. "वाढ गं, आणखी घेणार आहे मी."